आ-करा बाई

बाई माणसाच्या तोंडात आधी बघत आणि मग तोंडाकडे. एसटीत शेजारी बसलेल्याने जांभई दिली की त्या मान वाकडी करून त्याच्या गालाची आतली बाजू न्याहाळत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून म्हणत, "आ कर बरं." तो बिचारा हातात बुंदीचं ताट धरून आ करी, आणि अख्खी पंगत हात थांबवून बघत राही. आठवडी बाजारात तंबाखू मळत बसलेली माणसं बाईंना लांबून येताना पाहून आधीच तोंड उघडून ठेवत, म्हणजे सुटका लवकर होई. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं. मेडशीपासून आसेगावपर्यंत मात्र त्या 'आ-करा बाई' होत्या.

मी वाशीमला गेले तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. साताऱ्याकडची मुलगी, वऱ्हाड कधी पाहिलेलं नाही. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. सरकारी दवाखान्यात माझ्यासाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून बाईंच्या क्वार्टरमध्ये माझी सोय झाली. बाई चाळिशीच्या आसपासच्या, सावळ्या, काटक, एकट्या राहणाऱ्या. आसेगावजवळच्या एका खेड्यातल्या, पुढे बौद्ध झालेल्या घरात त्यांचा जन्म झालेला. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबत. शिष्यवृत्तीवर शिकत शिकत त्या पॅथॉलॉजीत एम.डी. झाल्या होत्या आणि मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात शिकवतही होत्या. ते सोडून त्या इकडे आल्या होत्या. का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"तिथी कॅन्सर बाटलीत येते, पोरी," त्या म्हणाल्या. "औषधात बुडवलेला तुकडा. इथी तो चालत येते. मले त्याले चालताना पाह्याचं हाये."

बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. भाकरी हातावर घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच जेवायच्या. अकोल्याची गाडी उशिरा असली की फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायच्या, आणि मला सोबत चालावं लागे, कारण चालताना त्यांचं बोलणं सुरू असे. सूक्ष्मदर्शकापुढेच काय त्या स्थिर असत. तेही कमरेच्या वरून, कारण टेबलाखाली पाय हलतच असे. "बाई, जरा टेका ना," असं मी म्हटलं की त्या म्हणत, "मी टेकतो, पण तो टेकत नाई ना."

'तो' म्हणजे कॅन्सर. त्याच्याबद्दल त्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तशा बोलत.

त्यांचं काम साधं होतं. तंबाखू-चुन्याची गोळी माणसं गालात किंवा ओठामागे धरतात, आणि वर्षानुवर्षं तिथेच धरतात. त्या जागी पांढरा चट्टा येतो. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही. त्यातल्या काही चट्ट्यांचा पुढे कॅन्सर होतो. कोणत्या चट्ट्याचा होतो, कोणत्याचा होत नाही, आणि तंबाखू सोडली तर काय होतं, एवढंच बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव जायचं. मेडशी, शिरपूर, आसेगाव. दुष्काळाच्या साली खडी फोडण्याच्या कामावर माणसं एका जागी सापडत, तेव्हा बाई सकाळपासून उन्हात उभ्या राहून एकेकाला आ करायला लावत.

आसेगावात एका वाड्यावर आम्ही गेलो तेव्हाचा प्रसंग मला विसरता येत नाही. घरातल्या म्हातारीच्या गालात चट्टा होता. बाईंनी तपासायला बोट पुढे केलं तशी ती मागे सरली. "पाह्य म्हटलं तर पाह्य लांबून. हात नको लावू. तू कोनाची हायेस, मले ठाव हाये."

माझा चेहरा लाल झाला. बाईंचा झाला नाही. त्यांनी पिशवीतून छोटा आरसा काढून म्हातारीच्या हातात दिला. "बरं, तूच घाल बोट. मी सांगतो तिथी दाब. कडक लागते का? दगडावानी?" म्हातारीने दाबून पाहिलं. "नाई वं, मऊ हाये." "मग घाबरू नको. तंबाखू मात्र सोड." परत येताना बाई इतक्या भराभर चालत होत्या की मी मागे पडले. फाट्यावर पोहोचल्यावर म्हणाल्या, "आरसा कामाचा हाये. सगळ्यायलेच देऊ." आणि पुढे खरोखरच गावोगाव बायका स्वतःची तोंडं आरशात तपासायला शिकल्या.

"जे छापून येत नाई, ते पाह्यलंच नाई असं होते," हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. दवाखान्याच्या टाइपरायटरवर त्या स्वतः लेख टाइप करत. वैद्यकीय मासिकांकडून ते परत येत. तालुक्याच्या गावच्या दवाखान्यातली बाई संशोधन करते यावर संपादकांचा विश्वास बसत नसावा. एखादा लेख छापून आला की बाईंची खरी तगमग तिथून सुरू होई. तो कोणी वाचला का? कोणी आपल्या लेखात त्याचा आधार घेतला का? परदेशातून कधी छापील कार्ड येई, 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी'. पोस्टमन ते कार्ड फाटकातूनच हलवून दाखवी. वर्षातून एकदा बाई रजा घेऊन मुंबईला एका मोठ्या ग्रंथालयात जात. कोणाच्या लेखाचा उल्लेख कोणी केला हे मुंगीएवढ्या अक्षरांत छापणारे जाड खंड तिथे होते. एकदा मी सोबत गेले. स्वतःच्या नावापुढची ओळ शोधताना त्या एकेका ओळीवरून दोनदोनदा बोट फिरवत होत्या. मला तेव्हा ते थोडं पोरकट वाटलं.

मग बाईंनी एक मोठा लेख लिहिला. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांचे चट्टे नाहीसे झाले, आणि नाहीसे झालेले चट्टे पुन्हा उमटले नाहीत, असं त्यात होतं. हा लेख परत आला नाही, छापून आला. परदेशातल्या एका नामांकित डॉक्टराने आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला, आणि एकाने केला की दुसरे करतात तसे बाकीच्यांनीही केले. कार्डं येऊ लागली. शहरातल्या एका संशोधन संस्थेने बाईंना बोलावलं. मोठी प्रयोगशाळा, हाताखाली माणसं. बाई होकार द्यायच्या बेतात होत्या. त्या दिवसांत त्या एकदा खुर्चीवर बसून चहा प्यायल्याचं मला आठवतं.

त्याच सुमारास मेडशीच्या सुभद्राबाई दवाखान्यात आल्या. त्या बाईंच्या लेखातल्या होत्या, तंबाखू सोडलेल्या आणि चट्टा गेलेल्या. पन्नाशीची, शेतात कापूस वेचणारी, मोकळ्या हसण्याची बाई. या वेळी त्यांनी पदर गालाला लावला होता.

"आ करा," बाई म्हणाल्या.

गालाच्या आत, जुन्या चट्ट्याच्या जागी, कडा उचललेला व्रण होता. बाईंनी बोट लावलं, तो दगडासारखा कडक लागला, आणि त्यांनी हात मागे घेतला. त्यांना पुढे काही तपासायची गरज नव्हती.

"पुन्हा खाल्ली का तंबाखू?" त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता.

"लेकराची आन, बाई, बोटाले लावली नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमीच तं म्हनल्या होत्या, झालं बरं, आता येऊ नको. म्हनून तं आली नाई मी."

बाई स्वतः त्यांना घेऊन नागपूरला गेल्या, ऑपरेशन होईपर्यंत थांबल्या. परत आल्यावर त्यांनी लेखातल्या प्रत्येक माणसाला पुन्हा शोधून काढलं. मीही सोबत फिरले. बहुतेकांची तोंडं स्वच्छ होती. पण शिरपूरच्या एका शिंप्याचा चट्टा परतला होता, आणखी एकीचा दुसऱ्याच जागी उमटला होता. लेख खोटा नव्हता, घाईचा होता. आणखी काही वर्षं थांबून मग लिहायला हवा होता. बाईंना थांबता आलं नव्हतं.

त्यांनी दुरुस्तीचा लेख लिहायला घेतला. आमचे वरिष्ठ डॉक्टर चांगले गृहस्थ होते, त्यांनी समजावलं. नव्या नेमणुकीपर्यंत गप्प राहा, पुढे कोणीतरी शोधून काढीलच. मलाही ते पटलं होतं. मी म्हटलं, "बाई, इतक्या लोकांनी तुमचा आधार घेतलाय. सगळं पुसलं जाईल."

त्या खोलीत फेऱ्या घालत होत्या, त्या थांबल्या. "काहून घेतला त्यायनं आधार? वाचून मोकळे झाले असतीन का ते? त्यायच्या दवाखान्यातही बाया येऊन राह्यल्या. तेही म्हनतीन, झालं बरं, आता येऊ नको. जितक्या जागी माहं नाव छापलं ना, पोरी, तितक्या जागी एक सुभद्रा घरी जाऊन राह्यली."

मासिकाने तो लेख कितीतरी महिने अडकवून ठेवला आणि शेवटी मागच्या पानांत, जाहिरातीशेजारी, आखडून छापला. संशोधन संस्थेचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पुढच्या मुंबईच्या खेपेत त्या जाड खंडांत आम्ही पाहिलं, तर पहिल्या लेखाचा उल्लेख नवे नवे लोक अजूनही करतच होते. दुरुस्तीचा कोणीही केलेला नव्हता. बाई ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. "चुकलेलं धावते, वं," त्या म्हणाल्या, "अन् बरोबर केलेलं बसून राह्यते."

वाशीमला परतल्यावर त्यांनी खंडांतून उतरवून आणलेल्या प्रत्येक डॉक्टराला आपल्या हाताने पत्र लिहिलं. चट्टा गेला तरी माणसाला घरी पाठवू नका, दर काही महिन्यांनी बोलवा, माझं चुकलं. उत्तरं जवळजवळ आलीच नाहीत. बाई दुपारी टपालाच्या वेळी व्हरांड्यात नुसत्या हिंडत.

सुभद्राबाईंचा आजार उलटला. ऑपरेशननंतर वर्ष बरं गेलं, मग गळ्यात गाठी आल्या. त्या गेल्या त्याच आठवड्यात दक्षिणेतल्या एका लहान गावातल्या डॉक्टराचं पत्र आलं. त्याने बाईंचं पत्र वाचून आपले जुने रुग्ण परत बोलावले होते. दोन बायकांमध्ये सुरुवातीचाच कॅन्सर सापडला, दोघींचं ऑपरेशन झालं, दोघी बऱ्या आहेत.

बाईंनी पत्र वाचलं आणि तशाच एसटी स्टँडकडे निघाल्या. मी मागोमाग. मेडशीला सुभद्राबाईंची लेक गंगू अंगणात धान्य पाखडत होती. बाईंनी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. तुझ्या आईमुळे मला कळलं, मी लिहिलं, आणि तिकडे लांब दोन बायका वाचल्या.

गंगूने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "नावं काय हायेत त्यायची?"

पत्रात नावं नव्हती. लेखांत, कार्डांत, त्या जाड खंडांत डॉक्टरांची नावं होती, आजारी माणसाचं नाव कुठेच नसे. येताना बसमध्ये त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. "मले विचाराले पायजे होतं," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र दक्षिणेकडे गेलं.

उत्तर येण्याआधी बाईंची बदली झाली, चंद्रपूरच्या पलीकडे जंगलातल्या दवाखान्यात. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. ट्रंक आणि सूक्ष्मदर्शक घेऊन त्या गाडीत चढल्या, आणि गाडी हलेपर्यंत दारातच उभ्या होत्या. "टपाल माह्या नावानं आलं तं खोलून पाह्यजो," त्यांनी सांगितलं. पुढे त्या तिकडेच राहिल्या, तिकडेच काम करत गेल्या. आमची भेट झाली नाही.

उत्तर पावसाळ्यानंतर आलं. मी सुट्टीच्या दिवशी मेडशीची बस धरली. गंगू शेतात कापूस वेचत होती. बांधावरून मी तिला हाक मारली आणि कागदावरची नावं वाचून दाखवली. लक्ष्मम्मा आणि खदीजा.

गंगूने ती दोन्ही नावं आपल्या जिभेवर बसेपर्यंत हळूहळू म्हणून पाहिली. "लक्षुमम्मा. खदीजा." मग ओटीतला कापूस सावरून ती म्हणाली, "अन् सुभद्रा."

आणि पुढच्या झाडाकडे वळली.