नटात भरलेलं ग्रीस

"घे, वाच हा बोल्टांच्या मापांचा चार्ट." साहेबानं कागद माझ्या तोंडासमोर धरला. सगळ्या गाळ्यादेखत.

"साहेब, यात चित्रं असती तर वाचला असता," मी म्हनालो. सगळे हसले. सगळ्यात जोरात मीच.

वसईत रंगाईच्या कारखान्यात मी पाइप फिटर. शाळेची पायरी चढलो नाय. गरम पान्याच्या लाइनीचे दोन फ्लँज, म्हंजे पाइपांच्या टोकाच्या भोकं पाडलेल्या चकत्या, बोल्टांनी जोडायचे होते. मी एवढंच बोललो होतो, बोल्ट आखूड आहेत. दोन्ही फ्लँजची जाडी, मधलं पॅकिंग, वायसर, वर पूर्न नट आनि नटाबाहेर दोन आटे, एवढी लांबी पायजेच. ते मला बोटांनी कळतं. या वेळी पॅकिंग जाड आलं होतं. बोल्ट जुन्याच मापाचे.

"चार्टमध्ये आहे तेच बसणार. अंगठेबहाद्दर मला शिकवतोय! गप कस."

मी कसले. प्रत्येक बोल्ट नटाच्या आतच संपला. वर खळगा. खळगा दिसला तर तपासनीला बोंब. मग मी प्रत्येक खळग्यात ग्रीस भरलं, बोटानं सारखं केलं, वरून रंग मारला.

"बघ दादा, मोदकात सारन भरलं," मी दुमिंगदादाला म्हनालो. दादा आमचा वेल्डर. कितीतरी वर्षांचा जोडीदार.

"अरे, हे टिकनार नाय."

"टिकेल. साहेबाच्या चार्टात लिवलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी जोड सुटला. दादा बाजूनंच चालला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वेल्डिंगचा हात.

साहेब कागद घेऊन आला. "फिटरनं बोल्ट नीट कसले नाहीत, एवढंच लिहिलंय. अंगठा दे."

मी अंगठा शाईत बुडवला पन होता. तो पँटीला पुसला.

"ग्रीस मी भरलं, ते लिवा. बोल्ट आखूड आहेत हे मी सांगितलं, तरी तुमी कसायला लावलं, ते पन लिवा. सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मग अंगठा."

कोनी हसलं नाय. साहेबानं कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी दादाच्या घरी गेलो. हाताला पांढरी पट्टी. त्यानं एकच विचारलं, "तुला म्हाईत व्हतं ना?"

"व्हतं."

दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला मस्करी सुचत होती. गिळली.

साहेबानं अपमान केला म्हनून मी ग्रीस भरलं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. खोटं. साहेबानं कसायला लावलं. झाकायला कोनी सांगितलं नव्हतं. लोकांना हसवून मी सुटत आलो. या वेळी दादा भाजला.

यापुढे आखूड बोल्ट हातात आला की पाना खाली. साहेबानं हाकललं तरी उचलनार नाय.