स्लाइडवरची कावेरी

आमच्या कुंभकोणमच्या शाळेत स्लाइड दाखवायचं यंत्र आलं आणि भूगोलाच्या मास्तरांचा खडू सुटला. खिडक्या लावायच्या, पडद्याकडे पाठ करून टेबलावर बोटं वाजवायची आणि मुलांना म्हणायचं, "पाहा, पाहा." स्वतः ते कधी पाहत नसत.

एकदा स्लाइड उलटी बसली आणि नकाशात कावेरी पश्चिमेला वाहू लागली. चोळपुरम्‌हून रोज कावेरीचा पूल ओलांडून येणारी मुलगी उठली. "सार, आपली कावेरी पूर्वेला जाते ना?"

"उक्कार, बस खाली. यंत्र चुकत नाही," मास्तर मागे न वळताच म्हणाले.

मीही तिथलाच शिक्षक, शेवटच्या बाकावर बसलो होतो. वहीत डोकं घातलं.

परीक्षेत तिनं कावेरी पश्चिमेला नेली. मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण देऊन तिचा पेपर वर्गभर फिरवला.