विसाव्या घराची सही

तुमच्या आजोबांना शेवटच्या दोन वर्षांत जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत, हे मात्र आम्ही कधी सांगितलं नाही. घरात त्यामुळे त्यांचं फारसं अडत नसे. अडायचं ते रविवारी सकाळी, तुमचा फोन आला की. टॅबवर तुमचे चेहरे दिसायचे, दोन वाक्यं व्हायची आणि चित्र थिजायचं. आवाज पुढे जायचा, ओठ तिथेच. आजोबा मान डोलवायचे, हसायचे आणि फोन संपला की कागद-पेन्सिल माझ्याकडे सरकवायचे. "काय म्हणाली गं ती?"

आमची कॉलनी धुळ्याच्या टोकाला, हायवेपासून आत. घरं वीस, माणसं बहुतेक आमच्याच वयाची. इंटरनेटचं फायबर हायवेपर्यंत येऊन थांबलं होतं. आत आणायचं तर चर खणायला हवा होता आणि तो खर्च कॉलनीने वाटून घ्यायचा होता. कॉलनीची सेक्रेटरी मी. मी नकाशा काढला, चर कोणाच्या फाटकासमोरून जाईल ते रंगवलं आणि सह्यांची वही घेऊन दारोदार निघाले.

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चौदा घरं तयार झाली. केबलवाला म्हणाला, "काकू, चौदा पुरेत मला. उद्या माणसं लावतो. बाकीचे शेजाऱ्याचं बघून येतील आपोआप."

"म्हणजे खर्च चौदा घरांनी करायचा आणि सहा घरांना आयतं?" मी म्हणाले. "वीस सह्या झाल्याशिवाय कुदळ लागणार नाही."

समोरचे नाना फाटकावर हात टेकून ऐकत होते. "अक्का, तुम्हले ते कलेक्टरच करी देवाले जोयजे!"

मला ते कौतुक वाटलं.

रोज संध्याकाळी मी परतले की आजोबा बोटं वर करून विचारत, किती? पंधरा. सोळा. मग बरेच दिवस सोळाच. एकदा ते म्हणाले, "चौदांवरच करून टाकायचं होतंस. मला घाई आहे." हसत म्हणाले होते. मी कागदावर लिहिलं, "घाई कशाची? नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

एकोणीस झाली. विसाव्या घराला कुलूप होतं; मालक मुलाकडे नाशिकला. त्यांना फोन करून भागलं असतं, पण मला सही लेखी हवी होती. पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र. त्यांची सही आली ती गणपती उठल्यावर, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी. मी केबलवाल्याला लगेच फोन लावत होते, तेवढ्यात नाना आले.

"पितरसमा कोनी जमीन खोदस का अक्का? इतला दिन थांबनूत, आखो पंधरा दिन थांबूत."

या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण नाना एकटे नव्हते, आणखी पाच-सहा घरांचं तेच म्हणणं होतं. इतक्या कष्टाने जमवलेल्या सह्यांतली एकही मागे जायला नको, म्हणून मी हो म्हणाले. घटस्थापनेचा मुहूर्त ठरला.

त्याच पंधरवड्यातला रविवार. मोठी, तू फोनवर काहीतरी सांगत होतीस. अगदी कॅमेऱ्याजवळ येऊन, खास आजोबांसाठी. तीन-चार शब्द झाले आणि चित्र थिजलं. या वेळी आवाजही तुटला. पुन्हा फोन लागलाच नाही. आजोबांनी पेन्सिल सरकवली. मलाही काही कळलं नव्हतं, पण तसं लिहवेना. मी लिहिलं, "दिवाळीला येते म्हणाली."

त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. गुरुवारी ते गेले. भेटायला आलेले म्हणत होते, पितरांत गेले, भाग्यवान.

केबलवाल्याने दबकत विचारलं, "काकू, तेराव्यापर्यंत थांबू का?"

"नको," मी म्हणाले. "आता कशासाठीच थांबू नकोस."

घटस्थापनेच्याच दिवशी आमच्या फाटकासमोर चर खणला गेला. नाना माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

आता रविवारी तुमचं चित्र कधीच थिजत नाही. तुम्ही बोलत असता तेव्हा मी अधूनमधून आवाज बंद करते आणि नुसते तुमचे ओठ पाहते. मला वाटलं होतं, सवयीने जमेल. अजून जमलेलं नाही. तुम्ही विचारता, "आजी, ऐकू येतंय ना?" आणि मी घाईने आवाज सुरू करते.

मोठी, त्या रविवारी तू खरंच काय म्हणाली होतीस? आठवत असेल तर मला कळव. सदरा मी धुवायला टाकण्याआधी कागद काढून ठेवला. त्याची मागची बाजू कोरी आहे.