न पाहिलेल्या खेळाची चित्रं

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहत होतो तेव्हा आमचे हे मोटारीच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि मी शेजारच्या गावातल्या अमेरिकन लष्करी छावणीच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे. साठच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आले होते, पण जर्मन तोडकंमोडकं. इंग्रजी येतं, एवढ्यावर ही नोकरी मिळाली. सकाळी बसने जायचं, दुपारी परतायचं, मग तळघरातून कोळशाच्या बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या. त्या वर्षांतलं काही आठवायला गेलं की आधी थकवाच आठवतो.

वाचनालय सांभाळणारा सार्जंट छावणीचं एक साप्ताहिक पत्रक काढायचा, सायक्लोस्टाइल केलेलं. मला चित्रं येतात हे कळल्यावर त्याने बेसबॉलच्या शब्दांची यादीच पुढ्यात ठेवली. "मॅडम, सीझन सुरू होतोय. प्रत्येक शब्दाला एक छोटंसं चित्र द्या."

बेसबॉल मी जन्मात पाहिला नव्हता. विचारायची लाज वाटली. घरी डिक्शनरी उघडून बसले. पिचर म्हणजे पाण्याचा जग. क्रिकेटमध्ये असते तशी पाणी प्यायची सुट्टी यांच्यातही असेल, असं धरून मैदानाच्या मधोमध मी भलामोठा जग काढला. फ्लाय म्हणजे माशी, म्हणून चेंडूवरची माशी हाकलणारा खेळाडू. शॉर्टस्टॉप हा बसचा थांबा असणार, तिथे पिशव्या घेऊन ताटकळणारा अख्खा संघ.

यांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे नक्की असंच असतं का?"

"अहो, डिक्शनरीत दिलंय."

दुसऱ्या दिवशी सार्जंट डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आतल्या दोघा-चौघांना बोलावून त्याने ती चित्रं दाखवली. "हे तुम्हाला सुचलं कसं?" त्याने विचारलं. काहीतरी चुकलंय हे मला कळलं, काय ते कळलं नाही. मीही हसले आणि विनोद मुद्दाम केला होता असं भासवलं.

मग दर आठवड्याला चित्रं देणं माझ्या मागे लागलं. सार्जंटने टेबलावर पुस्तकं मांडून मला खेळ समजावला आणि तिथेच सगळं बिघडलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा हे कळल्यावर मला पाण्याचा जग सुचेना. आता न कळल्याचं सोंग करून विनोद जुळवायचे होते. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्टेन्सिल घेऊन बसायचे आणि टोकदार लेखणी हातात धरून पेंगायचे.

एका आठवड्याचा शब्द होता 'स्टीलिंग होम'. फेकणाऱ्याची नजर चुकवून शेवटचा टप्पा, म्हणजे होम गाठणं. मी चवड्यांवर चालणारा चोर काढला, पाठीवर अख्खं घर, खिडकीत फुलांच्या कुंड्या, धुराड्यातून धूर. बऱ्याच दिवसांनी मलाच हसू आलं.

तेवढ्यात घरमालकीणबाई आमचं पत्र द्यायला वर आल्या. त्या पूर्वेकडच्या जर्मन मुलखातल्या. महायुद्ध संपताना घरदार सोडून हातगाडी ओढत इकडे आल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा लावला.

"हा कोण?"

"चोर. घर चोरून नेतोय."

"आणि घरातली माणसं?"

मी माणसं काढली नव्हती. तसं सांगितलं.

"आल्झो, असं होय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. "आम्ही निघालो तेव्हा चूल पेटलेली होती. धूर असाच येत होता."

मी स्टेन्सिल फाडली. त्या म्हणाल्या, "फाडलं कशाला? चांगलं होतं."

सार्जंटला मी सांगितलं की माझ्याच्याने आता होत नाही. तो रागावला नाही. "मॅडम, तुम्ही दमलेल्या दिसता," एवढंच म्हणाला. पुढच्या अंकात त्या जागी धोबीखान्याच्या वेळा छापल्या होत्या. कोणी विचारलं नाही. मला जरा वाईट वाटलं आणि त्याहून जास्त मोकळं वाटलं.

थंडी सुरू झाल्यावर घरमालकीणबाई कोरा कागद घेऊन वर आल्या. त्यांचं घर काढून हवं होतं. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. विहीर डावीकडे, नाही, उजवीकडे. दार एवढं रुंद नव्हतं. पायऱ्या तीन, की चार? दर रविवारी नवा कागद. माझे हात दुखायचे, पण नको म्हणवत नव्हतं.

सहाव्या कागदावर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता मलाच नीट आठवत नाही."

कागदाची घडी करून त्यांनी ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि कठडा धरून खाली गेल्या.