आक्का आणि उत्तरेचं ऊन

आक्कांच्या खोलीत कधी कुणी राहिलं नाही. खाट नाही, चूल नाही, पंखा नाही; दक्षिणेला दोन खिडक्या आणि आत नुसती हवा. खरं तर ती खोली कुठेच नव्हती. आमच्या ऑफिसातल्या संगणकात होती, आणि आक्का तिच्याविषयी माहेरच्या माडीसारखं बोलायच्या. "आज खोली लई तापलीय," म्हणाल्या की नव्या माणसाला वाटे, बाईंचं घर पत्र्याचं असावं.

ऑफिस शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागं. इमारत बांधायच्या आधीच ती किती तापेल, थंड ठेवायला वीज किती लागेल, हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही केलं होतं. केलं म्हणजे मालकांनी. ते परदेशात शिकून आलेले. विकणं माझ्याकडं, म्हणून आक्का मला 'बोलघेवडा' म्हणायच्या. आणि सॉफ्टवेअर खरं सांगतंय का, हे तपासणं आक्कांकडं. त्या गडहिंग्लजच्या, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की तालमीतले पैलवानही दचकावेत.

तपासायची रीत ठरलेली. अशा सॉफ्टवेअरसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्यात ती रिकामी खोली दिलेली असते आणि परदेशातल्या एका थंड गावाचं हवामान. नावाजलेल्या प्रोग्रामांची उत्तरं ज्या पट्ट्यात येतात, त्यात आपलं उत्तर बसलं पाहिजे. मग खोलीत बदल करायचे: भिंत जाड, खिडकी पूर्वेला, वर छज्जा. पण एका वेळी एकच. मी घाईत दोन बदल एकत्र सुचवले, तर म्हणाल्या, "आमटीत मीठ आन् तिखट एकदम टाकलंस आन् बिघडली, तर शिव्या कुणाला देणार?"

उत्तर चुकलं की त्या खुलायच्या. बरोबर आलं की मात्र संशयानं बघायच्या. "पास झालं म्हंजे चोरी सापडली न्हाय एवढंच," असं त्यांचं म्हणणं.

त्या मे महिन्यात पन्हाळ्याच्या पायथ्याशी होणाऱ्या एका रुग्णालयाचे वास्तुविशारद आमचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार झाले. अट एकच: मानकाच्या चाचण्यांचा अहवाल, आक्कांच्या सहीनं. हे काम मिळालं तर ऑफिस तरेल, नाहीतर कुलूप, असं मालकांनी आम्हाला स्पष्टच सांगितलं होतं. चाचण्या सगळ्या पास झाल्या. मी पेढे आणायला निघालो, आणि आक्का सही करेनात.

कारण त्यांनी ती खोली परदेशातून उचलून कोल्हापुरात आणली होती, म्हणजे तिला हवामान इथलं दिलं होतं. खिडक्या उत्तरेला फिरवल्या. एकदा छज्जा लावून पाहिलं, एकदा काढून. उत्तर तेच. मालक म्हणाले, बरोबरच आहे, उत्तरेला ऊन येतंच कुठं. तिथला छज्जा त्यांनी गणितात धरलाच नव्हता. मानकातल्या चाचण्यांत छज्जे बाकीच्या बाजूंना होते, उत्तरेला नव्हता, त्यामुळं हे पकडलंच गेलं नव्हतं.

आक्कांनी मालकांच्या नव्या बुटांचा खोका उचलला. एका बाजूला खिडकी कापली, समोरच्या बाजूला डोळ्यापुरतं भोक पाडलं आणि आम्हाला भर दुपारी गच्चीवर नेलं. खिडकी उत्तरेकडं करून खोका ठेवला. इस्त्रीच्या पँटीतले मालक तापल्या फरशीवर गुडघे टेकून भोकातून बघू लागले. आत बोटभर ऊन पडलं होतं. आक्कांनी खिडकीवर पुठ्ठा धरला, ऊन गेलं. काढला, आलं. मे संपताना आपल्याकडं सूर्य भरदुपारी माथ्यावरून उत्तरेला कललेला असतो, हे पेठेत जन्मलेले मालक परदेशी पुस्तकांच्या नादात विसरले होते.

"सायेब," आक्का म्हणाल्या, "सूर्य बी तिकडनंच मागवलाय व्हय?"

मी हसलो. मालक हसले नाहीत. मानकात हे विचारलेलंच नाही, सही करा, असं ते म्हणू शकले असते. ते खाली आले आणि अहवालाच्या शेवटी त्यांनी स्वतः एक ओळ टाइप केली: उत्तरेच्या छज्ज्याचा परिणाम हे सॉफ्टवेअर धरत नाही, दुरुस्ती चालू आहे. आक्कांनी एका झटक्यात सही ठोकली.

वास्तुविशारदांनी ती ओळ वाचली आणि काम दुसरीकडं गेलं. दुरुस्ती झाली, पण उशिरा. ऑफिसला कुलूप लागलं. मालक शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरीला लागले, मी सौरपंप विकू लागलो, आक्का गडहिंग्लजला परतल्या. जाताना माझी यथेच्छ टर उडवून गेल्या, त्यामुळं आम्हाला वाटलं, बाई मजेत आहेत.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. मालक आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. चहा देताना सूनबाई सांगू लागल्या, की आत्ती शेवटपर्यंत मालकांचं नाव काढायच्या. माझ्या हट्टापायी त्या पोराचं ऑफिस बुडालं, म्हणायच्या, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

आक्का आणि गप्प. मला ते चित्र डोळ्यासमोर आणताच येईना.

मालकांनी कप खाली ठेवला. "वहिनी, ती ओळ माझ्या हातची हाय. त्यांनी सांगितलीसुद्धा नव्हती. मी लिवली, आन् मला कधी तिचं वाईट वाटलं न्हाय. हे त्यांना सांगायला यायचंच राहिलं."

"मग सांगा की आता," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं.

मालक उठले. फोटोसमोर उभे राहिले आणि खरोखरच, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्यांनी ते आक्कांना सांगितलं.