सुनेच्या परीक्षेला पेशंट

दिवसा आडवं व्हायची मला सवय नाही. सगळी उमर रेल्वेच्या गँगमध्ये घाटातली लाईन सांभाळण्यात गेली. तिथं दुपारी आडवा झालेला माणूस एकतर आजारी असायचा, नाहीतर पिलेला. मी दोन्ही नव्हतो. रिटायर झाल्यावरही सकाळी कुसगावातनं निघायचं, हायवेपर्यंत जायचं, परत यायचं, जेवायचं, परत निघायचं, हे चालूच राहिलं. आणि बायको गेल्यापासून तर घरात बूड टेकवत नाही.

सून म्हणायची, आबांच्या पायाला भिंगरी आहे. मला नाही म्हणायची. भिंतीला म्हणायची. आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही. डोक्यावर पदर, आणि सांगायचं असेल ते नवऱ्याला नाहीतर भिंतीला सांगायचं, मी ऐकायचं. बाकीच्यांनी ही रीत कधीच सोडली, मी ठेवली. शेजारची मावशी चिडवायची, "आबा, टीव्हीत सुना सासऱ्याला टाळ्या देत्यात, तुमी कुटं ऱ्हायलात?"

"टीव्हीतला सासरा पगारी असतो," मी म्हणायचो.

सून तेव्हा बंगले झाडायला जायची. शनिवारी-रविवारी पुण्यामुंबईची माणसं येऊन राहतात ते बंगले. सोमवारी जाऊन बाटल्या उचलायच्या, चादरी धुवायच्या, पोहायच्या टाकीतला कचरा काढायचा. पोरगा नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, आज काम आहे तर उद्या नाही. एक दिवस जेवताना सून चुलीकडं तोंड करून म्हणाली, "उद्यापासनं दुपारी मी लोणावळ्याला क्लासला जानारे. भाकरी टोपलीत असंल."

मी पोराला विचारलं, "कसला क्लास?"

"म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचा. सर्टिफिकेट मिळतं."

"त्याला क्लास लागतो? लोकांची म्हातारी माणसं धुवायला-पुसायला?"

चुलीकडनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "त्यांना सांगा, लागतो."

पोरगा खाली बघून जेवत राहिला. दोघांनी मिळून ठरवलेलं होतं, मला फक्त कळवत होते. मी ताट सरकवलं आणि बाहेर पडलो. रस्त्यानं जाताना मनात एकच, आपल्या घरची सून परक्या म्हाताऱ्यांचं अंग पुसणार. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच ते पचेना.

पण ती गेली. रोज गेली. कापडाच्या दुकानावर एक हॉल होता, तिथं वीसएक बाया आणि शिकवायला एक रिटायर सिस्टर. घरी आल्यावर सून पोराला सांगायची, मी ओट्यावर बसून ऐकायचो. माणूस उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. हात लावायच्या आधी त्याला सांगायचं, मी आता अमुक करणार आहे. घास भरवताना उभं राहायचं नाही, त्याच्या डोळ्यासमोर बसायचं. ऐकताना वाटायचं, हे तर आम्ही रूळ उचलताना करायचो. पण तसं बोललो नाही.

मग पोरानं एक दिवस विषय काढला. घरी सराव करायला म्हातारं माणूस लागतं. पलंगावरनं खुर्चीत बसवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, आणि वहीत त्या माणसाची सही घ्यायची. "आबा, तुमी..."

"मी काय मेलोय का, उचलायला?"

"सरावाला फक्त."

"सुनेनं सासऱ्याला हात लावायचा? तुज्या आईनं माझ्या बापाला पाण्याचा तांब्यासुदीक जमिनीवर ठेवून दिला. हातात न्हाई."

तो विषय संपला. सून शेजारच्या मावशीकडं सरावाला जायला लागली. मावशी आपली खूश. संध्याकाळी ओट्यावर येऊन मला ऐकवायची, "आबा, आज तुमच्या सुनेनं मला असं पुसलं, लग्नातबी कुणी इतकं पुसलं नव्हतं. तुमी हितंच बसा आपले, मळ धरून."

अशीच एक दुपार. सून क्लासला, पोरगा कामावर. तिचं क्लासचं पुस्तक खिडकीत पडलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण बोट ठेवून वाचता येतं. चित्रं बघावीत म्हणून उघडलं. एका पानावर उताणा झोपलेला माणूस काढला होता आणि त्याच्या अंगावर काळे ठिपके. डोक्यामागं, खांद्यावर, माकडहाडावर, टाचांवर. खाली लिहिलं होतं, रुग्ण एकाच अंगावर पडून राहिला तर या ठिकाणी जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलावी. रुग्ण कण्हला तरी बदलावी.

ते मी परत वाचलं. मग बोट माकडहाडाच्या ठिपक्यावर तसंच राहिलं.

माझ्या बायकोला लकवा झाला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली. सात महिने अंथरुणावर होती. सून आणि पोरगा तिला वळवायला गेले की ती कण्हायची. दात दाबून असा आवाज काढायची की उंबऱ्यात बसलेला मी कानांवर हात ठेवायचो. मीच म्हणालो, हलवू नका तिला. दुखतंय. निवांत पडू द्या. मला वाटलं मी माया करतोय. माझ्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नव्हतं. तिला कुणी हलवलं नाही. मग माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, मग फुटली, मग तिथं मूठ जाईल एवढं भगदाड पडलं. सून रोज ते धुवायची, पट्टी करायची, आणि मी बाहेर हायवेपर्यंत चालत जायचो कारण तो वास मला सोसायचा नाही. शेवटी ताप चढला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं, त्यात लकवा. मी ते धरून ठेवलं होतं. वय, आणि लकवा.

पुस्तक होतं तसं ठेवलं आणि निघालो. पाय कुठं नेतात ते कळेना. बसनं तळेगावला, तिथनं वराळ्याला बहिणीकडं. तिनं चहा टाकला. मी विचारलं, "तिला वळवायला पायजे होतं का गं?"

"कुनाला?"

मी उठलो.

"चहा तरी घे. दादा, बूड टेकत न्हाई का तुजं?"

टेकत नव्हतं. त्या दिवसानंतर पंधरा दिवस टेकलं नाही. जेवताना उभा, चहा पिताना उभा. पोराला वाटलं माझं डोकं फिरलं. सुनेकडं बघायचं टाळायचो. तिला हे कळलं असणार. क्लासात ते पान शिकवलं असणार, आणि तिनं ते पान शिकून घरी येऊन मला गरम भाकरी वाढली असणार. एक शब्द बोलली नाही, कारण बोलायची रीत नव्हती, आणि ती रीत माझी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मावशीच्या लेकीला चाकणला कळा सुरू झाल्या आणि मावशी पिशवी उचलून गेली. परीक्षेला प्रत्येकीनं आपल्या ओळखीचं एक म्हातारं माणूस आणायचं होतं. नाही आणलं तर पुढच्या बॅचला बसा. पण जो वृद्धाश्रम यातल्या बायांना कामावर घेणार होता, तो याच बॅचमधनं घेणार होता. त्यानंतर जागा भरलेल्या. सून चुलीपाशी बसली होती. भांडी घासत होती, घासलेलीच परत घासत होती.

मी पोराला म्हणालो, "मी जातो. तसंही मला लोणावळ्यात दाढी करायचीय."

भांड्यांचा आवाज थांबला. पोरानं माझ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. 

हॉलमध्ये लोखंडी पलंग होता, त्यावर रेक्झिन आणि पांढरी चादर. पुण्याहून एक मॅडम परीक्षा घ्यायला आलेल्या, हातात फळी आणि कागद. सिस्टर बाजूला. भिंतीला टेकून बाया आणि त्यांची म्हातारी माणसं. आमचा नंबर आल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "आजोबा, तुमची डावी बाजू गेलेली आहे असं समजायचं. बोलता येत नाही. कळतं सगळं."

त्यांना माहीत नव्हतं. पेशंट सगळ्यांना तसाच देत होत्या. मी चप्पल काढली आणि आडवा झालो. वर पंखा, त्याच्या एका पात्याला जळमट. कितीतरी वर्षांनी मी दिवसा छताकडं बघत होतो.

सून जवळ आली. डोक्यावर पदर. हात माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबले.

"पेशंटला सांगितलंत का काय करणार ते?" मॅडम.

सुनेनं भिंतीकडं बघितलं. "आता वळवनार आहे."

"कुणाला सांगताय, भिंतीला?"

बाया हसल्या. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पेशंटशी बोलायचं. नाहीतर इथंच थांबू आपण."

सुनेचे हात टेकले. एक खांद्याला, एक कमरेला. आणि माझं अंग रुळासारखं ताठ झालं. मी मुद्दाम केलं नाही, हे आताही सांगतो. सुनेचा हात अंगाला लागला आणि अंगानं आपलं आपण दार लावून घेतलं. तिनं ओढलं, मी हललो नाही. परत ओढलं. नाही.

मॅडम म्हणाल्या, "पेशंट साथ देत नाहीये. घरी असंच होतं बरं का. नको म्हणतात, ताठ होतात. तुमच्याच घरातलं मोठं माणूस नको म्हणतंय. आता काय करणार?"

सिस्टरनं मान खाली घातली. तिला वाटलं गेली ही. मलाही वाटलं, आणि पडल्या पडल्या घाम सुटला. इथवर येऊन मीच तिला पाडणार होतो.

सून खाली वाकली. पदर डोक्यावरनं घसरून माझ्या छातीवर पडला. तिनं तो उचलला नाही.

"आबा, माझ्याकडं बगा."

मी बघितलं. इतक्या वर्षांत तिचं तोंड इतक्या जवळनं बघितलं नव्हतं. कपाळावर एक जुनी खूण होती, ती मला माहीतच नव्हती.

"मी तुमाला वळवनार हाये. दुखंल. दुखलं तरी वळवनार. न्हाई वळवलं तर पाठ जाईल. अंग सोडा."

मला सोडता येईना.

"आता मी तुमचं ऐकनार न्हाई. सोडा."

आधी मान सुटली. मग खांदे. मग कंबर, ती सगळ्यात शेवटी. तिनं गुडघे वाकवले, एक श्वास घेतला आणि मला आपल्याकडं वळवलं. हिसका नाही, ओढाताण नाही. गँगमध्ये चांगली उचल कशी असते ते मला कळतं. ही चांगली उचल होती. मग तिनं पाठीमागं उशी लावली, दोन गुडघ्यांच्या मध्ये चादरीची एक घडी ठेवली, टाचा हातानं चाचपल्या, माकडहाडाजवळ सदऱ्यावरनंच तळवा फिरवला. तो तळवा तिथं थोडा जास्त वेळ राहिला.

"झालं का?" मी विचारलं.

"आजोबा, तुम्हाला बोलता येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. सून हसली नाही.

तीन वाजता सिस्टरनं पास झालेल्यांची नावं वाचली. सुनेचं होतं. बायांनी तिला मिठ्या मारल्या. ती दारात माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पदर परत डोक्यावर. मी चालायला लागलो, ती मागनं. नाक्यावर कुसगावच्या रिक्षा भरून जात होत्या, आम्ही थांबलो.

मी तिच्याकडं वळून विचारलं, "तुला तवा म्हाईत होतं का?"

तवा म्हणजे कधी, हे तिनं विचारलं नाही.

"न्हाई आबा. पन वाटत होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू?"

रागानं नाही म्हणाली. रिक्षा भरलीय असं सांगावं तसं म्हणाली.

"मी नको म्हनलो, म्हनून ऱ्हायलं ते."

"व्हय," ती म्हणाली.

नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं बरं वाटायला खोटं सांगितलं नाही. रिक्षा आली, आम्ही बसलो. दाढी करायची राहिली ती राहिलीच.

आता ती सकाळी सहाला डबा घेऊन वृद्धाश्रमात जाते. मी अजून चालतोच. फक्त हायवेऐवजी त्या रस्त्याला जातो. आठवड्याभरातच तिथला वॉचमन ओळखायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "आबा, कुनाला भेटायचंय? आत कोन पेशंट हाये का तुमचं?"

"पेशंट न्हाई. माझी सून हितं कामाला हाये."

"बोलवू का?"

"नको. तिचं काम चाललं असंल."

त्यानं खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. विचारलं, "किती वाजलं?"

"नऊ."

सातला तिनं एकदा वळवलं असणार सगळ्यांना. आता परत वळवायची वेळ. मी फाटकाच्या गजाला धरून थोडा उभा राहिलो, मग निघालो. अकराला परत येईन म्हणालो.