खैरुनबीचा गंधार

आता हासू येते, पण कबूल केल्लंच पाह्यजे. रत्नप्रभाबाईले पयले वाटलं का शेजारची खैरुनबी ठार बहिरी झाली. बाई वाटीभर साखर मांगाले गेलती. तीनदा हाका मारल्या, खैरुनबी ढिम्म! कानावर काळा हेडफोन, डोये मिटलेले, अन् मान हालवत म्हणून राह्यली, "चढला... चढला... उतरला." रत्नप्रभाबाई रिकामी वाटी घेऊनच पयाली. "अहो," घरी येऊन नवऱ्याले सांगते, "खैरुनबीचे कानही गेले अन् डोकंही." संध्याकायपर्यंत अर्ध्या उमरखेडाले खबर.

कान गेले कुठचे! बाई कानच तयार करून राह्यली होती.

तिचा नवरा अय्याज बाजाच्या पेट्या दुरुस्त करे. महागावाकडल्या भजनी मंडळांच्या पेट्या गोधडीत गुंडाळून, एसटीनं त्याच्या दारी येत. अय्याज डोये मिटून आयके, खैरुनबी कानशीनं पेटीतली सुराची पितळेची पत्ती घासे. टोकाशी घासली का सूर चढते, बुडाशी घासली का उतरते. "खैरुन, एक केस अजून," तो म्हणे. एक केस म्हंजे किती, ते तिच्या बोटाले समजे. पण हात तिचा, कान त्याचा. दोन वर्षं झाले, अय्याज वारला, त्याच्यासंगं कान गेला. हात घरी बसला.

मंग नातीनं, माहनूरनं, जुन्या लॅपटॉपवर फुकटातलं एक सॉफ्टवेअर टाकून देल्लं. ते दोन सूर वाजवते अन् इचारते, दुसरा चढला, उतरला, का बरोबर? अक्षरं इंग्रजी, म्हणून माहनूरनं तीन बटनांवर तीन रंगाच्या टिकल्या चिकटवल्या. रत्नप्रभाबाईच्याच पाकिटातल्या, बरं का! बहिरी म्हणून बोंब मारली, त्याचा दंड.

रोज दुपारची नमाज झाली का खैरुनबी बसे. पंचमात पास, मध्यमात पास. गंधार आला का नापास. मशीनीच्या बरोबर गंधाराले ही "चढला" म्हणे अन् लाल फुली खाये. तीन हप्ते तेच!

"जाऊ द्या ताई," ती रत्नप्रभाबाईले म्हणे, "अल्लानं मले हातच देल्ला, कान नाई." कानशीचा डबा भंगारवाल्यासाठी दाराशी आणून ठेवला बी.

डबा ठेवून आत येता येता तिनं अय्याजची सोताची पेटी पुसाले घेतली. सा दाबला, गंधार दाबला. कसा मऊ, 'सा'च्या मांडीवर बसल्यावानी! अन् मशीनीपेक्षा एक केस खाली. तीस वर्षं हाच गंधार आयकून बाईचा कान पिकला होता. अय्याज पेटी गाणाऱ्याच्या 'सा'शी लावे. मशीन साऱ्या जगाले एकाच मापाचा सदरा शिवते. खैरुनबी मोठ्यानं हासली, अन् ओढणीनं डोये पुसत उठली. डबा घरात गेला.

आता दुरुस्तीले पयली पेटी कोणाची? रत्नप्रभाबाईच्या यज्ञेश्वररावाची! तहसीलीतून रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाई. ते पेटी नागपूरले धाडाची म्हणत होते. बाईनं उचलून शेजारी नेऊनच देल्ली. तयार झाल्यावर हे फोनवरचा सूर मोजाचा काटा लावून बसले.

"भाभी, मधल्या सप्तकातला गंधार बरोबर. वरचा उतरला. चुकल्या तुम्ही."

"फोन ठेवा भाऊ. डोये मिटा."

"डोये कायले? आयकाचं तं कानानं..."

"मिटा हो!" रत्नप्रभाबाई खेकसल्या.

खैरुनबीनं भाता हालवला, सा धरला अन् मधला गंधार लावला.

"हा टोचून राह्यला," यज्ञेश्वररावाच्या कपायाले आठ्या.

मंग वरचा. त्यायचे खांदे सैल पडले.

"हा... हा तं अय्याजचा."

"तोच तुमच्या फोननं नापास केला. टोचते तो पास! मधला मी मुद्दाम मशीनीसारखा ठेवला. तुम्ही काटा लावसान, मले माहीत होतं."

"मी बी तेच म्हणत होतो."

"कवा म्हणत होते?" रत्नप्रभाबाईनं इचारलं.

यज्ञेश्वररावानं फोन खिशात टाकला. "मधलाबी तसाच करून द्या, भाभी."

"देतो. पयले सांगा, चुकलं कोण?"

"फोन चुकला."

"फोन कोणाचा?"

"...माहा."

खैरुनबीनं कानस उचलली.